सातची सुई

तुम्ही जुलैत आलात तेव्हा मी तुम्हांला एक गोष्ट खोटी सांगितली. बोका झोपेत गेला, असं म्हटलं. तो झोपेत गेला नाही. खरं काय झालं ते समोर बसून सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला; एकदा जेवणाच्या टेबलाशी आणि एकदा किल्ल्याकडून किनाऱ्याने परत येताना. दोन्ही वेळा तुमच्यापैकी कुणीतरी हसत होतं, म्हणून राहिलं. आता लिहून काढते.

बोक्याच्या आजाराची वही मी इंग्रजीत ठेवली होती. हे मात्र मराठीत लिहिते आहे, कारण यात आपल्या कोळणीचं बोलणं पुष्कळ येणार आणि इंग्रजीत घातलं तर तिचा आवाजच जाईल. अडलं तर आईकडून वाचून घ्या.

तुम्ही आलात त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर बोका पाणी फार प्यायला लागला. त्याच्या वाडग्यातलं संपवून तो मोरीतल्या बादलीवर पाय ठेवून प्यायचा, आणि प्यायलं की वाळूच्या ट्रेकडे जायचा, की परत बादलीकडे. खायचा भरपूर, तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला. मग एक दिवस तो व्हरांड्यातून चालत आला आणि मला वाटलं, दुसरंच कुठलं जनावर आलं. मांजर चवड्यांवर चालतं. हा मागच्या पायांची टाच पूर्ण टेकवत, सशासारखा येत होता.

पालघरच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी त्याला उचलून पाहिलं, खाली ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे म्हशी येतात, बकऱ्या येतात. आजवर एका म्हशीने मला शुगर आहे म्हणून सांगितलं नाही. तुम्ही बोईसरला जा. तिथे एक डॉक्टरीणबाई बसतात, कुत्र्यामांजरांच्या."

बोईसरच्या डॉक्टरीणबाईने कानाला टोचून थेंब काढला आणि यंत्राने चारशे ऐंशी दाखवले. हा आकडा मी आधी पाहिलेला होता. तुमच्या आजोबांचा एकदा चारशे ऐंशी आला होता, माझ्या भाचीच्या लग्नातल्या जिलब्यांनंतर. आजोबांचं ते यंत्र अजून कपाटात होतं. घरी येऊन मी नवीन सेल घातला आणि यंत्राच्या आठवणीतले जुने आकडे बघत बसले. आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली होती, पण यंत्रात ते होते, उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे. यंत्र ठरावीकच आकडे धरून ठेवतं. बोक्याचा एक नवा आकडा आत गेला की आजोबांचा एक जुना बाहेर. हे मला नंतर कळलं. कळल्यावरही मी नवीन यंत्र आणलं नाही.

मधुमेह एकटा आला असता तर बरं होतं. तपासण्यांत मूत्रपिंडंही कमकुवत निघाली, आणि हिरड्या सुजून तोंडात जखमा झालेल्या होत्या. डॉक्टरीणबाईने मला समोर बसवून समजावलं. साखरेसाठी मांसमच्छी भरपूर द्यायला हवी. मूत्रपिंडांसाठी ती बेतानेच द्यायला हवी. तोंडाच्या जखमांवर जे औषध लागू पडतं, ते दिलं की साखर चढते. विकतचं मधुमेहाचं खाणं मिळतं, पण ते कडक दाण्यांचं, आणि दाणा चावला की तो किंचाळून ताटली सोडून जायचा.

"मग आधी काय बरं करायचं?" मी विचारलं.

"बरं काहीच होणार नाही, आजी," ती म्हणाली. "सांभाळायचं."

फोनवर हे मी तुम्हांला सांगितलं तेव्हा थोरली रडली. हा बोका तिचाच. तुम्ही सगळे इथे होतात तेव्हा, नऊ वर्षांची असताना, तिने तो बाबांच्या कारखान्याच्या पार्किंगमधून दप्तरात घालून आणला होता. तिकडे परदेशी जाताना न्यायची परवानगी मिळाली नाही. "आजी, मी जुलैत येते," ती म्हणाली. "तोपर्यंत त्याला ठेव."

मी म्हटलं, "ठेवते."

मला काम नेमून दिलं आणि मुदत सांगितली की बरं वाटतं. चौतीस वर्षं मी बोईसरच्या एका कापड कारखान्यात टाइम ऑफिसला होते. तीन पाळ्या, तीन भोंगे. दारावर कार्ड पंच झालं की माणूस हजर. तो पुढे मशीनवर उभा राहतो की गाठोड्याला टेकून झोपतो, हे पाहणं सुपरवायझरचं काम. दहा मिनिटांची सवलत. अकराव्या मिनिटाला लाल शाई. आजोबा म्हणायचे, यम न्यायला आला आणि उशिरा आला, तर ही त्याचा अर्धा दिवस कापेल.

तर सकाळी सात आणि संध्याकाळी सात, असं ठरलं. दीड युनिट इन्सुलिन, मानेची कातडी चिमटीत धरून. डॉक्टरीणबाईने वहीच्या पहिल्या पानावर स्वतः लिहून दिलं: आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई नाही. खाली मी माझ्या अक्षरात लिहिलं की साखर फार उतरली तर काय दिसतं आणि काय करायचं. पानाला प्लॅस्टिकचं कव्हर लावलं.

खाण्याचा प्रश्न कोळणीने सोडवला, आणि तो तिने माझ्या वहीच्या कितीतरी आधी सोडवलेला होता. ती सातपाटीची. डोक्यावर पाटी घेऊन पालघरच्या बाजाराकडे जाताना आपलं गेट तिचं पहिलं. वीस वर्षांत एक रीत तिने मोडली नाही. पाटी उतरवली की पहिला बोंबील मांजराचा, बोक्याआधी दारात जे कुठलं असेल त्याचा. फेकायचा नाही, कठड्यावर नीट ठेवायचा. मग मला मासळी दाखवायची. मांजराच्या तोंडी लागल्याशिवाय विकायला सुरुवात केली तर दिवस वाईट जातो, असं तिच्या आईचं म्हणणं होतं, आणि आईचं म्हणणं तिच्या आईचं. त्या बोंबलाचे पैसे ती घेत नसे. ओला बोंबील म्हणजे निम्मं पाणी, काटाही मऊ. तोंडात जखमा असलेला बोका तो एक पदार्थ न किंचाळता खायचा. मी बिनमिठाचा उकडून, काटा काढून देऊ लागले, पण आधी तो कठड्यावर तिच्या हातचा हुंगायचा, आणि मगच आत येऊन ताटलीला तोंड लावायचा. काही केलं तरी हा क्रम बदलला नाही.

मला तिचं एकच खटकायचं. तिची वेळ.

"साडेनऊ वाजले!" मी म्हणायची. "काल तर साडेसहाला दारात होतीस. घड्याळ नाही का घरात?"

"हाय ना बाय. दोन हायेत. समिंदराला नाय."

"समुद्राला काय करायचंय घड्याळ? तुला निघायचं असतं."

"ऐकलं का," ती बोक्याला म्हणायची, "आमच्या सातपाटीच्या बायका हिच्या कारखान्यात असत्या ना, सगल्या बिनपगारी मेल्या असत्या."

आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी दूध, सिलिंडर, लाइटबिल सगळं टिपते, तुम्हांला माहीतच आहे. त्यातच तिच्या येण्याची वेळही टिपत आले होते. नऊनंतरची असेल तर खाली लाल रेघ. कुणाला दाखवायची नव्हती. हात तसाच वळलेला.

थंडीचे दोन महिने ठीक गेले. ती उशिरा यायची त्या दिवसांसाठी मी आदल्या दिवशीचा उकडलेला बोंबील फ्रीजमध्ये ठेवायची. तो कोमट करून पुढे ठेवला की बोका नाखुशीने का होईना, खायचा. फोनवर तुम्ही "बोका दाखव" म्हणालात की मी त्याला उशीवर घेऊन दाखवायची. तो तेव्हा खरोखर दाखवण्यासारखा होता.

फेब्रुवारीतली ती सकाळ. सहा पन्नास झाले, कोळीण नाही. मी फ्रीजमधला बोंबील कोमट करून ताटलीत घातला. बोका आला, वास घेतला, दोनदा जीभ लावली आणि गेटकडे जाऊन बसला. मी वहीत लिहिलं: सहा पंचावन्न, खाल्लं.

हे मी का लिहिलं, याचा मी फार विचार केला आहे. मी खोटं लिहिलं नाही. दोनदा जीभ लावली, म्हणजे कार्ड पंच झालं. हजेरी लागली. पुढे तो ताटली संपवतो की नाही हे जणू दुसऱ्या कुणाचं काम. आणि कोळणीला मी मनातल्या मनात दहा मिनिटांची सवलत दिली. ती येईलच, मग तो पोटभर खाईल. सात वाजले. सातला मी सुई दिली.

साडेनऊला तिची हाक आली. "ओ बाय! तुमचा साहेब कुठं हाय? कठड्यावर नाय आज."

मी सात दहाला गेटवर बघून आले होते, आठला बघून आले होते. तो तिथेच बसलेला होता, शांत. शांत आहे म्हणून मला बरं वाटलं होतं. नंतर मी कपडे वाळत घालण्यात गुंतले.

कोळणीला तो धुण्याच्या दगडामागे सापडला. मान एका बाजूला ओढली जात होती, तोंडातून लाळ, पाय हवेत चालत होते. मला काय झालंय ते एका क्षणात कळलं. काय करायचं तेही मला माहीत होतं. मीच लिहिलं होतं. आणि तरी मी काय केलं असेल? मी वही शोधायला आत गेले. वही मिळाली, तर चष्मा नाही. चष्मा मिळाला, तर ते प्लॅस्टिकचं कव्हर चकाकत होतं आणि अक्षर दिसत नव्हतं. 

बाहेरून ती ओरडली, "बाय, काय देऊ त्याला? तोंडानं सांगा!"

"साखर," मी ओरडले. "साखरेचं पाणी. हिरड्यांना."

ती चपला न काढता स्वयंपाकघरात घुसली, मुठीत साखर घेतली, नळाखाली मूठ धरली आणि साखरेत भिजलेलं बोट त्याच्या तोंडात घातलं. त्याने बोट कडकडून चावलं. तिने काढलं नाही. "चाव रे," ती म्हणत होती, "चाव माज्या बाबा, जिता हाय म्हनजे तू." मी शेजारी वही धरून उभी होते.

पंधरा मिनिटांनी मान सरळ झाली. मासळीची पाटी माझ्या सिंकमध्ये ठेवून ती माझ्याबरोबर रिक्षात बसली. बोईसरपर्यंत तिने त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं, आणि दर दोन मिनिटांनी साखरेचं बोट. रिक्षात आधीच एक कामगार बसलेला होता, दुपारच्या पाळीला निघालेला. त्याने टॉवेलात डोकावून विचारलं, "माताजी, क्या हुआ इसको?"

"शुगर," मी म्हटलं.

"बिल्ली को भी होता है?"  मग त्याने डब्यातून केळं काढलं आणि कोळणीपुढे धरलं. "मौसी, ये दे के देखो. मेरी अम्मा को यही देते हैं."

केळं बोक्याने खाल्लं नाही. कोळणीने खाल्लं.

डॉक्टरीणबाईने त्याला ग्लुकोज लावलं आणि मला विचारलं, "सुईच्या आधी जेवला होता?"

"हो," मी म्हटलं. वही उघडून दाखवली.

कोळीण दारात उभी होती, बोटाला रुमाल बांधून. "काय पन खाल्लं नाय त्यानं," ती म्हणाली. "माजी वाट बघित होता."

"तुला काय ठाऊक?" मी म्हटलं. "तू तर साडेनऊला आलीस."

"म्हनून तं ठाऊक."

डॉक्टरीणबाईने वही मिटून माझ्याकडे दिली.  कोळणीला मात्र समोरच्या दवाखान्यात पाठवून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लावलं. ती परत आली ती दंड चोळत. "झालं," ती म्हणाली. "तुमच्या बोक्याची सुई आता मला पन."

परतताना रिक्षात मी तिला पहिल्यांदा नीट विचारलं. रागाने नाही. "तू काही दिवस इतकी उशिरा का येतेस?"

ती हसली. वीस वर्षांत हे विचारलं नव्हतंत, असं त्या हसण्यात होतं. "आज तिथी काय? नवमी. नवाची पाऊनपट किती?"

माझं शिक्षण कॉन्व्हेंटातलं. पाऊणकीचा पाढा आम्हांला नव्हता. मी वहीच्या मागच्या पानावर मांडून काढलं. "पावणेसात."

"तिथीची पाऊनपट, तीच भरतीची येल. पावनेसातला सकालचं पानी भरलं. पान्याशिवाय होडी खाडीत शिरत नाय. मग मासली उतरवा, वाटे करा, मग मी उचलनार, मग तुमचं गेट. साडेनऊच होनार. अष्टमी ते एकादशी असंच. मासली पन थोडी. बाकी दिवसांत रात्रीचं पानी कामाला येतं, बर्फात घालून पाटंला निघते मी."

घरी आल्यावर मी कॅलेंडरसमोर उभी राहिले. चौकोनात माझं अक्षर, दूध एक लिटर, नऊ चाळीस, खाली लाल रेघ. आणि त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक छापलेली तिथी, जी मी चतुर्थी-एकादशीच्या पलीकडे कधी वाचली नव्हती. अष्टमी, नवमी, दशमी, एकादशी. मग दहा-बारा दिवस स्वच्छ. मग परत अष्टमी. मागची पानं उलटली. एकही लाल रेघ दुसरीकडे नव्हती. जे मी बेशिस्त म्हणून टिपत आले होते ते भोंग्याइतकं नेमाने चाललेलं होतं. बोक्याला ते कळत होतं की नाही कोण जाणे. तो फक्त वाट बघायचा.

त्यानंतर मी नवा तक्ता केला. तिथीप्रमाणे सुईची वेळ रोज थोडी थोडी सरकवत न्यायची आणि परत आणायची. डॉक्टरीणबाईने तक्ता तपासून होकार दिला. ताटली अर्धी रिकामी झाल्याशिवाय मी सुईला हात लावत नसे. मार्च आणि एप्रिल त्याची साखर इतकी छान राहिली की मला वाटलं, माझी चूक भरून निघाली. टाचा उचलून चालायला लागला होता. तुम्हांला मी फोनवर तो चालताना दाखवला आणि धाकटा टाळ्या वाजवत म्हणाला, "आजी, यू फिक्स्ड हिम!" फेब्रुवारीतल्या त्या सकाळबद्दल मी तेव्हाही बोलले नाही.

मे महिन्यात मूत्रपिंडांच्या दुखण्याने उचल खाल्ली. याला माझी चूक कारण नव्हती, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. मी तिला दोनदा विचारलं, तिने दोनदा तेच सांगितलं. उन्हाने अंगातलं पाणी जायचं. मी पाण्याचे चार वाडगे ठेवले, उकडलेल्या बोंबलाचं पाणी थंड करून पाजलं. शौचाला दोन-दोन दिवस व्हायचं नाही, तो ट्रेमध्ये बसून ओरडायचा आणि मी त्याच्या पोटावरून हात फिरवत बसायची. हिरड्या परत सुजल्या. एक औषध वाढवलं की उलटी, कमी केलं की दुखणं. माझे तक्ते भिंतीवर होते, वेळा बरोबर होत्या, एकही सुई चुकली नव्हती, आणि तो दर आठवड्याला काट्यावर हलका भरत होता.

मग जून लागला आणि होड्या किनाऱ्यावर चढल्या. पावसाळ्यातले दोन महिने मासेमारी बंद, हे मला काही नवीन नव्हतं. पण त्याचा अर्थ बोक्याच्या बाजूने मी धरलाच नव्हता. आधीपासून थोडे बोंबील बर्फात ठेवले होते. बोंबील गोठवला की नंतर त्याचं पाणीच होतं. तो लगदा बोक्याने हुंगला आणि मागे वळला. बाजारातले नदीचे मासे आणले, कोंबडीचं पाणी केलं, बोटाने चाटवलं. सुई द्यावी इतकं तो कधीमधीच खाई. कोळीण त्या दिवसांत सुकी मासळी घेऊन फिरते. ती आली की तो अजून गेटवर जायचा, मधे दोनदा बसत. तिच्या पाटीत सुके बोंबील असायचे.

"एक देते त्याला, बाय. नुसता हुंगू दे."

"नको. मीठ आहे त्यात. मूत्रपिंडं जातील."

"बरं," ती म्हणायची आणि रिकाम्या कठड्यावर हात ठेवून त्याच्याशी बोलत उभी राहायची.

तुमच्या फोनच्या वेळी मी आता त्याला विंचरून, शाल गुंडाळून, तोंडाच्या बाजूने दाखवायची, म्हणजे बरगड्या दिसू नयेत. थोरले, तू एकदा विचारलंस, "तो बारीक झालाय का?" मी म्हटलं, "उन्हाळा आहे." बाहेर पाऊस पडत होता. तुला तो ऐकू आला असेल.

जुलैच्या सुरुवातीला डॉक्टरीणबाईने त्याला काट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, रोज आणून सलाईन दिलं तर दोन-तीन आठवडे निघतील. कदाचित. पण त्याला आता त्रास आहे."

"नात येणार आहे," मी म्हटलं.

"कधी?"

"अठरा दिवसांनी."

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सलाईनची बाटली टांगली.

चार दिवस मी त्याला रोज नेला. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, खड्डे, पाऊस, आणि प्रत्येक खड्ड्याला टोपलीतून एक बारीक आवाज. मी कागदावर अठराचे चौदा केले. या टोपलीला बोका आयुष्यभर घाबरत आला होता. ती दिसली की पलंगाखाली, आणि मग मी गुडघ्यांवर. पाचव्या सकाळी मी टोपली व्हरांड्यात ठेवून दार लावायला वळले. परत बघितलं तर तो आत जाऊन बसला होता. स्वतःहून. तोंड भिंतीकडे.

तेवढ्यात कोळीण आली. तिने टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "एक सुका बोंबील दे."

तिने पाटीतला सगळ्यात मोठा काढला. मी तो कोमट पाण्यात भिजवला, मऊ केला आणि टोपलीतच त्याच्या पुढे धरला. त्याने दोनदा जीभ लावली. या वेळी मी वहीत काही लिहिलं नाही. दोनदा जीभ लावणं म्हणजे काय ते मला आता माहीत होतं.

"मी येऊ का संगती?" ती म्हणाली.

"नको. तुझी पाटी भरलेली आहे."

बोईसरला पोहोचल्यावर मीच डॉक्टरीणबाईला सांगितलं की आज सलाईन नको. तिने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की नाही. पण करा." तिने आधी झोपेची सुई दिली, त्याला माझ्या हातावर घेऊ दिलं, आणि नंतर दुसरी. एवढ्या सुया मी त्याला दिल्या होत्या. या दोन माझ्या हातच्या नव्हत्या, पण मी सांगून दिलेल्या होत्या. तो चौदा दिवस आणखी जगला असता की नाही, मला माहीत नाही. तुला भेटेपर्यंत त्याला ठेवायचं मी कबूल केलं होतं, आणि तो असतानाच मी ते सोडलं. त्याचं दुखणं बघवेना म्हणून, की मलाच आणखी चौदा वेळा त्या रस्त्याने जाववेना म्हणून, हे मी अजून वेगळं करू शकत नाही.

मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी त्याला पुरला. तिथे तुम्ही दोघांनी शंख ठेवलेत.

तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी कोळीण गेटवर थांबली होती. थोरलीला बघून म्हणाली, "तुजी वाट बघित होता गो तो." तू माझ्याकडे वळलीस, आणि मी पटकन म्हटलं, "झोपेत गेला. त्याला काही कळलं नाही." कोळणीने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पाटी उचलली. तिने पुढे काही म्हटलं नाही, आजवर नाही. तो तुझी वाट बघत होता की नाही, हेही मला ठाऊक नाही. तिच्या येण्याच्या वेळी तो गेटवर जायचा, एवढंच मी पाहिलं आहे.

धाकट्या, तू कॅलेंडर चाळत होतास. प्रत्येक चौकोनात आजीने काहीतरी लिहिलंय आणि जुलैतला एकच का रिकामा, असं विचारलंस. मी म्हटलं, राहून गेलं. ते राहून गेलं नव्हतं. दुसरी सुई दिली तेव्हा मी सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.